सतरावी खटपट

बैठक अकराची होती. भाऊ पावणेअकरालाच छापखान्याचा जिना चढून वर आले आणि मास्तरांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत बसायचं नाही असा कुणी नियम केलेला नव्हता. मास्तर म्हणजे भाऊंचे वडील, घरचेही त्यांना मास्तरच म्हणत. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तेवढ्या काळात तिच्यात भाऊंखेरीज कुणी बसलं नव्हतं इतकंच. आणि भाऊही दर खेपेला "ही पाठीला बरी पडते" असं सांगून बसत.

रविवार असल्यामुळे खाली यंत्रं बंद होती. वरच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर 'बेचाळीस खटपटी' या मास्तरांनी मुलांसाठी लिहिलेल्या प्रयोगांच्या पुस्तकाच्या पंधराव्या आवृत्तीची प्रुफं पसरली होती आणि एकतिसाव्या पानावर बारकीनं एक पिवळा कागद चिकटवला होता. त्यावर लिहिलं होतं, 'चित्र चुकीचं आहे. बदलायचं ना?'

बारकी चौतीस वर्षांची होती. भाऊंच्या धाकट्या भावाची, म्हणजे आप्पांची, ती एकुलती एक मुलगी. छापखाना कागदोपत्री आप्पांचा होता आणि एरवी तिचा. घरात सगळ्यांत शेवटी जन्मली म्हणून तिला बारकी म्हणत, आणि तिच्यामागून कुणी न आल्यामुळे ते नाव तिच्याकडेच राहिलं.

"यातला 'ना' कुणी लिहिला?" भाऊंनी विचारलं.

"मीच."

"म्हणजे तू ठरवूनच बसलीस."

"काका, ठरवलं असतं तर बदलून मोकळी झाले असते. रविवारी तुम्हाला जिने चढायला लावले नसते."

भाऊंची बायको खिडकीपाशी बिस्किटांचा पुडा फोडत होती. तिला घरात बारकीसकट सगळे वहिनी म्हणत. चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे वहिनींना कुठल्याही गोष्टीचं फारसं आश्चर्य वाटत नसे.

"माझं मत विचाराल तर," वहिनी म्हणाल्या, "चुकीचं असेल ते बदलावं. त्याला बैठक कशाला?"

"तुझं मत विचारलं नव्हतं."

"म्हणून तर 'विचाराल तर' म्हटलं."

भांडण एका रबरी नळीवरून होतं. सतराव्या खटपटीचं नाव 'पाणी भिंत चढतं'. दोन पेले घ्यायचे, एक भरलेला आणि एक रिकामा. नळी पाण्यानं भरायची, दोन्ही तोंडं बोटांनी दाबायची, एक तोंड भरल्या पेल्यात बुडवायचं, दुसरं रिकाम्यात सोडायचं आणि बोटं काढायची. पाणी नळीतून आधी काठ चढून वर जातं आणि मग पलीकडे उतरतं. अट एकच, भरलेला पेला उंचावर हवा. ही अट मास्तरांनी मजकुरात लिहिली नव्हती. 'पेले चित्रात दाखवल्याप्रमाणे मांडा' एवढंच लिहिलं होतं. आणि चित्रात रिकामा पेला चार जाड पुस्तकांच्या चळतीवर होता, भरलेला खाली टेबलावर. असं मांडलं तर पाणी जगाच्या पाठीवर कुठेही वाहत नाही. चौदा आवृत्त्यांमध्येही ते वाहिलं नव्हतं.

चित्र मात्र देखणं होतं. नळीची कमान हंसाच्या मानेसारखी वर जात होती, आणि पाण्यात बुडालेलं तिचं टोक काचेतून जरासं तुटल्यासारखं दिसत होतं, जसं ते खरोखर दिसतं.

छापखान्यात पत्रं यायची. 'आमच्याकडे पाणी चढत नाही.' मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी पत्रांची उत्तरं लिहायचे. या पत्रांना ते एकाच ओळीचं कार्ड पाठवत, 'मग तू काय केलंस?' काही मुलांची दुसरी पत्रं यायची. त्यांनी पेल्यांची अदलाबदल केलेली असायची. त्यातली काही पुढे इंजिनीयर झाली, एकजण पाणीपुरवठ्याची मोठी अधिकारी झाली, आणि या सगळ्यांनी आपापल्या निरोपसमारंभात सांगितलं की एका पुस्तकातल्या चुकीनं आम्हाला घडवलं.

मास्तरांनी ती चूक मुद्दाम ठेवली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असण्याचं कारण भाऊ होते. भाऊ पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते आणि गेली छत्तीस वर्षं 'मुद्दाम केलेली चूक' या विषयावर व्याख्यान देत होते. त्याला चाळीस मिनिटं लागत. येत्या गुरुवारी ते शिक्षकांच्या मोठ्या मेळाव्यात होतं.

"मास्तरांनी मुलांना शंका घ्यायला शिकवलं," भाऊ म्हणाले. "छापलेलं आहे म्हणून खरं मानू नका. त्या पानाचा अर्थच तो आहे. ते बदलायचं म्हणजे पुस्तकाचं काळीज काढून टाकण्यासारखं आहे."

"काका, आठवड्याला दोन फोन येतात मला. सगळी पोरं शंका घेत नाहीत. बरीचशी पुस्तक मिटतात आणि म्हणतात, विज्ञान आपलं काम नाही."

"कुणी सांगितलं?"

"त्यांच्या आया सांगतात. फोन त्याच करतात."

आप्पा इतका वेळ प्रुफाचा कागद बोटांत चोळून बघत होते. बोलायची वेळ आली की ते कागद चोळत. "भाऊचं बरोबर आहे," ते म्हणाले. "लोक दुकानात येऊन विचारतात, चुकीचं चित्र असलेलं ते पुस्तक हेच का. बरोबर चित्रांची पुस्तकं पुष्कळ आहेत बाजारात."

"बाबा, हे कारण तुम्ही बाहेर कुणाला सांगू नका."

"बाहेर कशाला सांगेन. बैठकीत सांगतोय."

म्हणजे दोन विरुद्ध दोन झाले. लहान मुलांच्या पुस्तकाचा निकाल लावायला जमलेल्यांत मूल एकही नव्हतं. पाचवं मत आत्याचं, आणि आत्याची बस चुकली होती.

ती साडेअकराला आली. आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण, दोघांत एकोणीस वर्षांचं अंतर. आईवडील लवकर गेल्यामुळे मास्तरांनीच तिला वाढवलं. पुस्तकातली बेचाळीसच्या बेचाळीस चित्रं तिची. नंतर चित्रकलेचं कॉलेज करून ती वैद्यकीय महाविद्यालयात चित्रकार म्हणून लागली आणि चाळीस वर्षं तिनं डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी मूत्रपिंडं, सांधे आणि हृदयाच्या झडपा काढल्या. आता ती सत्त्याहत्तर वर्षांची होती.

बारकीनं तिला दोन्ही बाजू सांगितल्या. आत्यानं एक बिस्कीट पूर्ण खाल्लं, मग दुसरं घेतलं.

"तुझं काय म्हणणं, आत्या?" भाऊंनी विचारलं. "चित्र तुझं आहे. मास्तरांनी तुला काय सांगून काढून घेतलं, ते तूच सांग हिला एकदा."

"काही सांगितलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे ते चुकून काढलंय मी."

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं.

"चुकून म्हणजे कसं चुकून?" आप्पा म्हणाले.

"चुकून म्हणजे चुकूनच. त्याचे प्रकार नसतात." आत्यानं प्रुफाचं पान जवळ ओढलं. "पानाचा आकडा उजव्या कोपऱ्यात खाली. रिकामा पेला खाली काढला की तो आकड्यावर बसत होता. तीनदा काढून बघितलं. मग तो उचलून पुस्तकांवर ठेवला, तेव्हा कुठे पान उभं राहिलं. नळीलाही छान बाक आला. मला फार आवडलं होतं ते."

"पण मांडणी..." भाऊ म्हणाले. "आत्या, तुला कळलं नाही?"

"मला कसं कळणार? मी तो प्रयोग केलेलाच नाही. पेले तुझ्याकडे असायचे, नळी दादाकडे. मला कागद मिळाला होता."

हे खरं होतं. पुस्तकातले सगळे प्रयोग छापण्याआधी दहा वर्षांच्या भाऊंवर करून बघितले होते. चित्रं काढणाऱ्या मुलीनंही ते करून बघावेत असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

"आणि तुझ्या लक्षात कधी आलं?" बारकीनं विचारलं.

"वयाच्या एकतिसाव्या वर्षी. एका सर्जनला छातीतलं पाणी काढायच्या नळीचं चित्र हवं होतं. तो म्हणाला, बाटली खाटेच्या खाली दाखवा, वर कधीच नाही, नाहीतर पाणी परत पेशंटच्या छातीत जाईल. मी बाटली काढली. पेन्सिल खाली ठेवली. आणि बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं."

"मास्तरांना सांगितलं नाहीस?" वहिनी म्हणाल्या.

"दोनदा घरी गेले सांगायला. दोन्ही वेळा तो माझी चित्रं कुणा ना कुणा पाहुण्याला दाखवत होता. मग भाऊची व्याख्यानं सुरू झाली. म्हटलं, आता ही चूक माझी एकटीची राहिली नाही."

भाऊंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. छत्तीस वर्षांत किती सभागृहं झाली असतील याचा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता आणि आता करायची इच्छाही नव्हती. आत्या खोटं बोलत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यामुळे रागवायलाही जागा नव्हती.

"पण मास्तरांना माहीत होतं," ते म्हणाले. "ते मुद्दामच होतं. मला त्यांनी स्वतः सांगितलंय."

"काय सांगितलं?"

"आता ते व्याख्यान इथे नको," वहिनी म्हणाल्या.

"व्याख्यान नाही. झालं ते सांगतो." भाऊंनी चष्मा घातला. "पुस्तकं आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यापासून सगळ्या खटपटी चित्रं बघून करत सुटलो. सतरावीला पाणी येईना. आधी मास्तरांबरोबर केली होती तेव्हा आलं होतं. मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांनी ते पान खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, 'मग तू काय केलंस?' मी म्हटलं, पेले उलटे मांडले. म्हणाले, 'झालं तर मग. हे तू कुणाला सांगायचं नाहीस. ज्याचं त्यानं शोधायचं.'"

"हे एवढंच?" वहिनींनी विचारलं.

भाऊ थांबले. व्याख्यानात हे इतकंच असे. हे ऐकून सभागृहात लोक माना डोलावत. पण मधलं एक वाक्य ते कायम गाळत आले होते, कारण ते कुठे बसत नव्हतं.

"आधी एक विचारलं होतं त्यांनी. पान बघून झाल्यावर. 'कुणाला सांगितलंस का?' मी नाही म्हटलं. मग ते दाराकडे बघत होते जरा वेळ. त्यानंतर म्हणाले, मग तू काय केलंस."

आत्यानं हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं.

"हे कधीचं?"

"सांगितलं ना. पुस्तकं आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. रविवार होता."

"तेव्हा मी घरी होते की गेले होते?"

"घरीच होतीस. तुझी ट्रंक माझ्या खाटेवर उघडी पडली होती, म्हणून तर मी जमिनीवर मांडलं सगळं. तू आतल्या खोलीत कपडे घडी करत होतीस."

"मी मंगळवारी गेले," आत्या म्हणाली.

बारकीनं आप्पांकडे बघितलं. आप्पांनी कागद चोळायचं थांबवलं होतं.

"आत्याआजी, मंगळवारचं काय?"

तिनं पदरानं ओठांच्या कडा टिपल्या आणि मग अगदी साध्या आवाजात, बसचे थांबे सांगावेत तसं सांगितलं. कॉलेजचं तिनं दादाकडे दोन वर्षं टुमणं लावलं होतं. दादाला ते पसंत नव्हतं. नक्षी काढणं वेगळं आणि चित्र काढणं वेगळं, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्यानं अट घातली. पुस्तकाची बेचाळीस चित्रं काढ. सगळी बिनचूक निघाली तर पाठवतो, एकही चुकलं तर विषय पुन्हा काढायचा नाही. तिनं सात महिने चित्रं काढली. पुस्तकं आल्या दिवशी त्यानं ती उलटून पाहिली आणि म्हणाला, "जा, भर ट्रंक."

"आणि दुसऱ्या दिवशी त्यांना चूक सापडली," बारकी म्हणाली.

"भाऊनं नेऊन दिली."

"आणि तरी..."

"मंगळवारी त्यानंच ट्रंक उचलली," आत्या म्हणाली. "मला वाटायचं, तेव्हा त्याला कळलंच नव्हतं. सेहेचाळीस वर्षं मला वाटत होतं की मी चोरून गेले."

दादानं आयुष्यात एकच लबाडी केली, तीही आपल्यासाठी, आणि ती झाकायला शेकडो पोरांना कार्डं लिहीत बसला, हे आत्याच्या मनात हळूहळू जागेवर येत होतं. त्यानं कधीही नवं चित्र मागितलं असतं. पण मागायचं म्हणजे सांगायचं. आणि सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं, हे तिला माहीत होतं. त्यालाही असणार.

बारकीनं पुढे होऊन एकतिसाव्या पानावरचा पिवळा कागद सोलून काढला.

"राहू दे हे चित्र," ती म्हणाली. "याला हात लावायचा नाही."

"अगं, तासापूर्वी चुकीचं होतं ना?" वहिनी म्हणाल्या.

"तासापूर्वी मला हे माहीत नव्हतं."

"पाण्याला अजून माहीत नाही," आत्या म्हणाली. "ते अजूनही चढत नाही. चित्र बदल."

"मीही आत्याच्या बाजूनं," भाऊ म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. ते मास्तरांच्या खुर्चीतून उठले होते आणि उठून काय करायचं ते न सुचल्यामुळे तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"भाऊ, गुरुवारचं मग?" आप्पांनी विचारलं.

"दुसरं काहीतरी बोलेन."

"कशावर?"

"पाण्यावर बोलेन. पाण्याबद्दल मला पुष्कळ माहिती आहे."

आप्पा एकटे पडले. त्यांनी दोन मिनिटं वाट बघून मत बदललं आणि नळी आणायला खाली गेले. यंत्राला तेल घालायची एक पारदर्शक नळी होती. ती वहिनींनी साबणानं तीनदा धुतली. पेले चहाच्या कपाटातले. भरलेला पेला चार पुस्तकांवर ठेवला, रिकामा टेबलावर.

"मी करणार," आत्या म्हणाली.

पहिल्या खेपेला तिचं बोट लवकर सुटलं आणि पाणी प्रुफांवर गेलं. दुसऱ्या खेपेला नळीत हवेचा फुगा अडकला. भाऊंचा हात दोनदा पुढे झाला आणि दोन्ही वेळा वहिनींनी तो धरून मागे घेतला. तिसऱ्या खेपेला आत्यानं बोटं काढली, आणि पाणी पेल्याचा काठ चढून, वर जाऊन, पलीकडे उतरलं. रिकाम्या पेल्याच्या तळाशी ते बारीक आवाज करत साठू लागलं.

आत्या वाकून बघत राहिली. पेला अर्धा भरला तरी ती सरळ झाली नाही.

"असं होय," ती म्हणाली.

मग तिनं पर्समधून पेन्सिल काढली आणि कुणी कशाला हात लावायचा नाही असं सांगितलं. नळी घसरत होती, म्हणून भाऊंना ती कमानीपाशी धरून उभं राहावं लागलं. वरचा पेला संपत आला की वहिनी तो भरत. आत्याचा हात आता थरथरायचा. रेघ मारायच्या आधी ती मनगट टेबलाला टेकवायची, श्वास सोडायची आणि मग मारायची. भाऊंच्या दंडाला रग लागली. त्यांनी नळी सोडली नाही.

"पानाचा आकडा मध्ये येतोय पुन्हा," तासाभरानं आत्या म्हणाली.

"तो मी डावीकडे घेते," बारकी म्हणाली.

"घेता येतो?"

"आकडाच आहे, आत्याआजी. कुठेही घेता येतो."

आत्यानं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तेव्हा हे कुणी बोललं नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा खाली वाकली.

चित्र तीनच्या सुमाराला झालं. पहिल्याइतकं देखणं नव्हतं. नळीचा बाक जरा बोजड होता आणि खालचा पेला कोपऱ्यात दबल्यासारखा दिसत होता. आप्पांनी ते उजेडात धरून बघितलं आणि जुनंच जास्त छान होतं असं म्हटलं. आत्या म्हणाली, हो, होतंच.

तिला घरी पोचवायला भाऊ निघाले. एरवी ती एकटीच जायची आणि ते एरवी तिला तसं जाऊ द्यायचे. बस रिकामीच होती. दोघं पुढच्या बाकावर बसले. तीन थांबे गेले.

"रागावलास?" आत्यानं विचारलं.

"नाही. मला वाटायचं, त्या दिवशी त्यांनी मला काहीतरी शिकवलं."

"शिकवलंच की."

"ते वेळ मारून नेत होते, आत्या."

"दहा वर्षांच्या पोरावर एवढी मोठी गोष्ट सोपवली त्यानं. आणि तू खरंच कुणाला बोलला नाहीस. व्याख्यानं दिलीस, पण मला नाही बोललास."

भाऊंनी यावर विचार केला. पुढच्या थांब्यावर एक बाई दोन पिशव्या घेऊन चढली आणि त्यांनी पाय आत ओढले.

"कॉलेजच्या फाटकापर्यंत आला होता तो," आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ट्रंक खाली ठेवली. मला वाटलं आता पत्र लिही, जेवत जा, असलं काहीतरी सांगेल. तर म्हणाला, 'इथे जे काढशील ते आधी डोळ्यांनी बघ. मग काढ.' एवढंच. आणि वळून चालायला लागला."

"मग तू?"

"मी काय. मला वाटलं, मास्तर आहे, जाता जाता उपदेश करतोय." तिनं हातातल्या तिकिटाची लहान घडी घातली. "मनात म्हटलं, याला चित्रातलं काय कळतंय."